सेकंडहँड बोलेरो पिकअप घेतलीय: गाडी कशी निघाली, आता तिच्यावर काय करून घेणार आणि काय अजिबात नाही

आधी सरळ सांगतो, गाडी आवडलीय. महिंद्रा बोलेरो पिकअप, १.७ टनवाली, २०१८ मॉडेल, बीएस ४, नऊ फुटी हौदा (मागचा माल भरायचा भाग). चंदगड तालुक्यातल्या एका काजूवाल्याकडून घेतली, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. आमचं गाव बेळगावच्या उत्तरेला, कडोलीच्या बाजूला, घरचा माल म्हणजे कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची, बीन्स, आणि सीझनला रताळी. निम्मा माल एपीएमसीला, म्हणजे बाजार समितीत जातो आणि निम्मा चोर्ला घाटातनं खाली गोव्याला, साखळी, म्हापसा, कधी मडगाव. आजवर भाड्याच्या गाडीनं जायचा, आता स्वतःच्या.

गाडी घेतल्यापासनं जो येतो तो एक सल्ला देऊन जातो. पुढं गार्ड बसव, पाटा (मागच्या स्प्रिंगची पट्टी) वाढव, हौदा उंच कर, वर लाईटची पट्टी लाव, हॉर्न बदल. सगळे आपुलकीनं सांगतात, पण मी आठवडाभर बसून हिशोब केला की आपली गाडी नेमकी काय काम करणार, आणि त्यातनं एक गोष्ट ध्यानात आली ती अशी की आमचा भार उतरणीला जातो. भरलेली गाडी बेळगावातनं निघते, जांबोटी, कणकुंबी करत घाट उतरते, आणि येताना रिकामी चढते. म्हणजे चढाला ताकद कमी पडायचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे तो पावसात, धुक्यात, पहाटे दोन-तीनला दीड टन माल घेऊन वळणावळणाची उतरण सुखरूप उतरायचा. सगळा प्लॅन याच्यावरनं ठरवलाय आणि खाली जे लिहितोय तेही याच नजरेनं वाचा. ज्यांचा भार चढाला येतो, म्हणजे कोकणातनं चिरा किंवा मासळी वर आणणारे, त्यांचं गणित वेगळं असणार.

आता गाडीबद्दल. इंजिन २५२३ सीसीचं चार सिलेंडरचं, कॉमन रेल, आणि हे इंजिन आमच्या भागात निपाणीपासनं खानापूरपर्यंत कुठल्याही मिस्त्रीला तोंडपाठ आहे, स्पेअर पार्ट ऑटोनगरात मिळतो, न मिळाला तर कोल्हापूरहून दुसऱ्या दिवशी येतो, सेकंडहँड घेताना हा मुद्दा मला मायलेजपेक्षा मोठा वाटतो. सकाळी थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं, ऑईलचं टोपण उघडून बघितलं तर धुराचा लोट नव्हता, पाचव्या गिअरला ओढ चांगली, मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगचा आवाज नाही. स्टेअरिंगला थोडा प्ले आहे, क्लच वर पकडतोय म्हणजे प्लेट निम्म्याच्या पुढं गेलीय. खाली बसून बघितलं की लिंबू रंगाचे दोन-तीन डाग दिसतात पण चेसिसला वेल्डिंग नाही. केबिन गरम होतं, सीट दगडासारखी आहे, रिकामी गाडी खड्ड्यात मागनं उडते. हे सगळं पिकअपमध्ये असतंच, तक्रार नाही.

काजूवाल्याची गाडी मी मुद्दाम शोधली. आमच्या पट्ट्यात सेकंडहँड पिकअप तीन प्रकारच्या मिळतात. एक चिरा, वाळू, खडी मारलेल्या, त्यांचे मागचे पाटे बसलेले असतात, कमान सरळ झालेली असते, हौद्याच्या बाजू बाहेर फुगलेल्या असतात. दुसऱ्या मासळीच्या, कारवार, मालवण, वेंगुर्ला बाजूला चाललेल्या, त्या वरनं चकचकीत रंगवलेल्या मिळतात पण बर्फाचं खारं पाणी फटीतनं खाली गळत गळत हौद्याखालचे आडवे चॅनेल आणि पाट्यांची हँगर खाऊन टाकतं, तिथं स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघायचं, पापुद्रा निघाला की नमस्कार करून परत यायचं. आणि तिसऱ्या अशा हलक्या मालाच्या, काजू, दूध, बेकरी, किराणा. काजूच्या बिया पोत्यात भरल्या तरी गाडीवर अन्याय होत नाही आणि सीझन सोडला तर गाडी उभीच. किंमत पंचवीस-तीस हजार जास्त गेली तरी तिसरीच घ्या, ते पैसे पहिल्याच वर्षी वाचतात.

पहिला खर्च ब्रेकवर. पुढं डिस्क आहे, मागं ड्रम. चारी चाकं उघडून मागचे लायनर नवीन घालणार, ड्रमला आतनं कंगोरे पडलेत ते लेथवर टर्निंग करून घेणार, पण ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालतो ते कोरलेलं असतं, त्याच्या पुढं गेला तर नवीनच घालायचा, तासून तासून पातळ केलेला ड्रम उतरणीवर लवकर तापतो. आणि ब्रेक ऑईल. हे कुणीच बदलत नाही, कमी झालं की वरनं ओततात. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कणकुंबीसारख्या ठिकाणच्या पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीला तर विचारूच नका. डॉट ही ब्रेक ऑईलची प्रत, डॉट ३ नवीन असताना निदान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर तीच हद्द १४० वर येऊ शकते. डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर तापतात, ती उष्णता ऑईलपर्यंत जाते, ऑईल उकळून पायपात वाफ झाली की पॅडल सरळ खाली जातं. म्हणून सगळं जुनं ऑईल काढून टोपणावर जो डॉट लिहिलाय तोच भरून, चारी चाकांच्या ब्रेक पायपातली हवा काढून घेणार. त्याच्या जोडीला भावाला सांगून ठेवलंय की ज्या गिअरनं चढ चढला असता त्याच गिअरनं उतरायचं, ब्रेक दाबून सोडायचा, धरून ठेवायचा नाही.

दुसरा खर्च टायरचा. ७.०० आर १५ साइज आहे. बघणारे म्हणाले नक्षी अजून हाय की, दोन वर्षं जातील. नक्षी आहे, पण साइडला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, आमच्या मागच्या दोन टायरवर ३८१७ आहे, म्हणजे २०१७ चा अडतिसावा आठवडा. रबर कडक झालंय, नखानं दाबलं की कळतं. कायद्यानं १.६ मिमी नक्षी चालते पण ओल्या डांबरावर रिकाम्या गाडीनं येताना मागची चाकं, म्हणजे ओढणारी चाकं, हलकी असतात आणि वळणात तिथंच घसरते. चारही नवीन रेडियल घालणार, कंपनीनं दिलेल्या साइजमध्येच, लोड रेटिंग एका अंकानंही कमी नाही. रुंद टायर आणि अलॉय याचा विचारच नाही. काढलेल्यातला पुढचा एक बरा आहे तो स्टेपनीला.

आता पाटा. याच्यावर घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. उद्यमबागेत एका ठिकाणी दाखवायला गेलो तर त्यानं गाडी न बघताच सांगितलं, मागं एकेक पाटा वाढवू, अडीच टन मारा काय होत नाही. होतंय ओ. पाटा वाढवला म्हणजे स्प्रिंग वाकत नाही एवढंच, पण अॅक्सल तोच, बेअरिंग तेच, चेसिस तीच, टायर तेच, आणि मुख्य म्हणजे ब्रेक तेच. कंपनीनं १.७ टन लिहिलंय ते या सगळ्यात जो कच्चा असेल त्याच्यावरनं लिहिलेलं असतं. वर रिकामी गाडी जास्तच उडायला लागते, म्हणजे येताना घाटात पकड आणखी कमी. कायद्याचं बघायला गेलं तर ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे, शिवाय जादा माल तिथंच उतरवून घेतात, आणि रात्री रस्त्याकडेला उतरवलेल्या कोबीचं काय होतं ते भाजीवाल्याला सांगायला नको. आम्ही काय करणार, तर आहे तोच सेट खोलून, मोडलेला किंवा तडा गेलेला पाटा असेल तर बदलून, शॅकलचे बुश आणि सेंटर बोल्ट नवीन, यू बोल्ट आवळून, आणि शॉकअब (शॉक अॅबसॉर्बर) चारी नवीन. गाडी उडणं याच्यानंच बरंच कमी येतं.

हौद्याचं काम मात्र मनापासून करून घेणार, खरा फायदा तिथं आहे. आधी वजनाचं बघा. आरसीवर दोन आकडे असतात, एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन, त्यातली वजाबाकी म्हणजे तुमचा माल. तुम्ही हौद्यावर जेवढं लोखंड चढवाल तेवढा माल खाली उतरतो. आमच्याकडं सगळे आल्या आल्या हौद्याला ३ मिमीची चेकर प्लेट मारतात. नऊ फूट बाय साडेपाच फूट म्हणजे साधारण साडेचार चौरस मीटरच्या वर, ३ मिमी लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो, चेकर असेल तर थोडा वरच, म्हणजे नुसत्या तळालाच ११० किलोच्या आसपास गेले. टोमॅटोचा भरलेला क्रेट वीस-पंचवीस किलोचा धरला तर चार-पाच क्रेट झाले, ते प्रत्येक फेरीला, गाडी असेपर्यंत. दगड-खडी मारणाऱ्याला चेकर प्लेट पाहिजेच, भाजीवाल्याला कशाला? आमच्या हौद्यात मागच्या फाळक्याजवळ (उघडणाऱ्या दाराजवळ) दोन ठिकाणी पत्रा गंजलाय, तेवढाच कापून नवीन तुकडा टाकणार, आत-बाहेर रेड ऑक्साईड, मग रंग, आणि वर रबरी मॅट सुट्टी टाकणार, म्हणजे काढून धुता येते. ज्यांना पूर्ण तळ करायचाच आहे त्यांनी अॅल्युमिनियमची चेकर प्लेट बघा, त्याच जाडीला वजन एक तृतीयांश, पैसे जास्त जातात पण गंजत नाही.

तळाला पाणी जायची भोकं आहेत ती चिखलानं बुजलेली होती, ती मोकळी करून घेतली. भाजीचं पाणी आणि पालापाचोळा साठून राहतो तिथूनच गंज सुरू होतो. आणि हौदा जिथं चेसिसवर बसतो त्या मधल्या फटीत वर्षानुवर्षाची माती असते, ती प्रेशर वॉशिंगनं काढून, पूर्ण वाळवून, मग खालनं अंडरकोटिंग. वाळवल्याशिवाय कोटिंग मारू देऊ नका, आत ओल राहिली तर झाकून गंजते. हे काम आगोटीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये.

हौदा उंच करायचा नाही हे ठरलंय. क्रेट मूळ बाजूंच्या वर चार-पाच थरांपर्यंत जातात हे खरं, पण त्यांना पत्र्याच्या भिंती लागत नाहीत, त्यांना दोरी आणि हूक लागतात. मूळ हूक दोन तुटलेत, वाकडे आहेत. दोन्ही बाजूला नवीन हूक, चेसिसला ताण जाईल असे, आणि रॅचेटवाले पट्टे घेणार. दोरी पावसात ढिली पडते, पट्टा तसाच राहतो, आणि मध्ये कुठं थांबून आवळायचा झाला तर एका हातानं आवळता येतो. उतरणीवर सगळा माल पुढं केबिनवर रेटतो म्हणून भरताना पहिला थर केबिनला चिकटवून भरायचा, मध्ये फट ठेवायची नाही, फट राहिली की ब्रेक मारल्यावर तेवढं अंतर क्रेट पळत येतात. मागं फाळका उघडा ठेवून क्रेट बाहेर काढायचे नाहीत, बाहेर आलेल्या मालालाही २०,००० चाच दंड लिहिलाय, आणि वजन मागच्या चाकांच्या मागं गेलं की स्टेअरिंग हलकं पडतं.

ताडपत्रीसाठी वर कमानी पाहिजेत. एक इंची पाईपच्या तीन कमानी, हौद्याच्या मूळ खोबणीत बसणाऱ्या, पिन काढली की निघणाऱ्या, काहीही वेल्डिंग नाही. ताडपत्री कुठली यावर मी बऱ्याच जणांशी बोललो. प्लॅस्टिकची हलकी, स्वस्त, पाणी अजिबात आत घेत नाही, पण भाजी आत श्वास घेत असते, उष्णता आणि वाफ सोडते, रात्रभर चारी बाजूनं बंद केली की म्हापशात उघडताना फ्लॉवर पिवळा पडायला लागलेला असतो. कॅनव्हास थोडी हवा खेळवते पण भिजली की दोघांना उचलवत नाही. आमचं असं ठरलंय की वर प्लॅस्टिकची जाड ताडपत्री, कमानीवर ताणलेली, मालाला न टेकणारी, बाजूनं वीतभर फट आणि मागची बाजू नुसत्या जाळीची. पुढं केबिनच्या वरनं हवा आत जाते आणि मागनं निघते. जुलै-ऑगस्टमध्ये बाजूची फट खाली ओढायची सोय ठेवायची. पालेभाजी असेल तर वरनं ओलं गोणपाट. या एका कामावर मी बाकी कशापेक्षा जास्त डोकं लावलंय कारण पैसे भाजीचे येतात, गाडीचे नाही.

लाईट. घाटात जून ते सप्टेंबर धुकं असतं, आणि धुक्यात पांढरा झगझगीत लाईट मारला की समोर भिंत उभी राहते. टपावरची एलईडी पट्टी म्हणूनच नको, समोरच्याला आंधळं करते ती वेगळीच. बंपरमध्ये खाली दोन पिवळे फॉग लॅम्प, खाली झुकवलेले, रिले आणि फ्यूज घालून. हेडलाईटला कंपनीचाच ६०/५५ वॅटचा बल्ब, १०० वॅटचे नाहीत. दोन्ही १०० वॅटचे लावले तर १२ व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर करंट त्याच जुन्या वायरीतनं आणि स्विचमधनं जातो, होल्डर वितळलेले आणि वायरिंग जळलेल्या गाड्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडं बघायला मिळतील. काचा पिवळ्या झाल्यात त्या पॉलिश केल्या तरी निम्मा उजेड परत येतो. आणि रिफ्लेक्टर टेप, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, चांगल्या कंपनीची, कडेनं पूर्ण. घाटात गाडी बंद पडून उभी राहिली तर मागचा ट्रकवाला याच टेपवर थांबतो.

पुढचा लोखंडी गार्ड नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, आणि धडकेत तो धक्का सरळ चेसिसला आणि समोरच्या माणसाला देतो. प्रेशर हॉर्न, मल्टीटोन, नको. आमच्या भागात रात्री गावातनं जाताना लहान पोरं झोपलेली असतात.

कागदाचं जरा नीट वाचा, विशेषतः सीमेच्या पलीकडनं गाडी घेणाऱ्यांनी. चंदगड, गडहिंग्लज, कागलला गाडी बरी मिळते, म्हणून आपले लोक घेतात आणि एमएच ०९ वरच वर्षानुवर्षं फिरवतात. कायदा असा की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. म्हणून फॉर्म २८ चा एनओसी कोल्हापूरहून, गाडीवर कर्ज होतं म्हणून बँकेच्या सहीचा फॉर्म ३५, आणि नाव बदलायला २९ आणि ३०. मग इथं टॅक्स भरून बेळगावचा नंबर केए २२, आणि चिकोडी, निपाणीवाल्यांना केए २३. व्यवहार ठरवतानाच हा टॅक्स आणि फेऱ्या किमतीतनं वजा करून बोला, आम्ही तसंच बोललो आणि समोरच्यानं मान्य केलं. सौदा करण्याआधी एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून कर्ज, फिटनेस, चलान बघा आणि चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. इन्शुरन्स नुसता चालू असून चालत नाही, गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत कंपनीला कळवून तोही नावावर करायचा. एकूण वजन ३००० किलोच्या वर असलेल्या मालगाडीला परमिट लागतं, आमची त्याच्या वर आहे, आणि गोव्याला जायचं म्हणून नॅशनल परमिट. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी. लायसन्सचं मात्र सोपं झालंय, एकूण ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं असं सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये परत स्पष्ट केलंय, त्यामुळं भावाला वेगळं काढायची गरज पडली नाही.

आणि मॉडिफिकेशनबद्दल कायदा विचारणाऱ्यांना, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. मालकाला एकेका बदलामागं ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम १८२ ए मध्ये आहे. मी जे वर लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं दुरुस्ती किंवा काढता येणारं आहे, ते याच्यासाठीच. फॉग लॅम्प आणि कमानी लावल्यावर इन्शुरन्सवाल्याला मेल टाकणार आहे, क्लेमच्या वेळी त्यांनी बोट दाखवायला जागा नको.

केबिनमध्ये फार काही नाही. फ्लोअरखाली उष्णता अडवणारी शीट, सीटला नवीन फोम, मोबाईल चार्जर, फर्स्ट एड, आणि अग्निशामक सिलेंडर ड्रायव्हरच्या हाताशी, सीटच्या मागं नाही.

कामाचा क्रम असा ठेवलाय, ब्रेक, टायर, पाट्याचे बुश आणि शॉकअब, तेवढं झाल्याशिवाय गाडी घाटात घालायची नाही, तोवर एपीएमसीच्या जवळच्या फेऱ्या. मग लाईट आणि टेप. मग हौदा आणि कमानी. क्लच प्लेट अजून चालेल तेवढी चालवून दिवाळीनंतर. अंडरकोटिंग पुढच्या मेमध्ये.

गाडीला पाचपैकी चार देतो, एक कापला तो केबिनच्या गरमीचा आणि सीटचा. कुणी चोर्ला किंवा आंबोलीनं भाजी नेत असाल तर ताडपत्रीच्या मागच्या बाजूला जाळी किती बारीक ठेवलीय तेवढं सांगा, मोठी ठेवली तर पावसाचे तुषार आत येतात असं एकजण म्हणाला आणि कमानी करायला टाकायच्या आधी ते पक्कं करायचंय.